कागदाची मागची बाजू

1972 साल. कॅलिफोर्नियातल्या एका नृत्यवर्गात विद्यार्थी स्वतःची पूर्णाकृती चित्रं काढत बसले होते. चित्रकला येण्याची अट नव्हती. नियम एवढाच की कागदावर जे उतरेल ते नंतर उभं राहून नाचून दाखवायचं. वर्ग घेणाऱ्या अ‍ॅना हॅलप्रिननेही आपलं चित्र काढलं. ओटीपोटाच्या जागी तिच्या हातून एक करडा गोळा काढला गेला. नाचायची वेळ आली तेव्हा बाकी सगळं अंग हललं, पण त्या गोळ्यापाशी ती अडली. हा गर्भ असेल, नव्या कशाची तरी सुरुवात असेल, अशी तिने आधी स्वतःची समजूत घातली. ती पटेना. मग ती डॉक्टरकडे गेली आणि तपासणीत नेमक्या त्याच भागात आतड्याच्या कर्करोगाची गाठ निघाली. तिने तेव्हा नुकतीच पन्नाशी ओलांडली होती.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे आवाज खाली आणतात आणि म्हणतात, शरीराला सगळं आधी कळतं. मला ते एवढं सोपं वाटत नाही. तिच्या वर्गांत वर्षानुवर्षं काढल्या गेलेल्या चित्रांमध्ये काळे-करडे डाग काही कमी नसतील, आणि प्रत्येक डागाखाली काही गाठ नव्हती. मला मोलाची वाटते ती पुढची कृती. आपलं अंग कुठे अडलं हे तिच्या लक्षात आलं, त्याचा गोड अर्थ लावून ती गप्प बसली नाही, सरळ तपासून घ्यायला गेली आणि शस्त्रक्रियाही करून घेतली. अंगाकडे असं लक्ष द्यायची सवय तिला तीस वर्षांच्या कामातून लागली होती. आधी ते काम पाहू.

अ‍ॅनाचा जन्म 1920चा, शिकागोजवळच्या एका ज्यू कुटुंबातला. आजोबा जुन्या वळणाचे, धर्मनिष्ठ. प्रार्थनेच्या भरात ते डोलत, हात वर फेकत, नाचत. लांब पांढऱ्या दाढीचे ते आजोबाच देव आहेत आणि देव नाचतो, असं लहानग्या अ‍ॅनाला वाटायचं. ही आठवण ती म्हातारपणीही रंगवून सांगे. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात तिला मार्गारेट हडोब्लर ही विलक्षण शिक्षिका भेटली. हडोब्लर मूळची जीवशास्त्राची पदवीधर, स्वतः नर्तकी नव्हती. तरीही अमेरिकेतला नृत्याचा पहिला पदवी अभ्यासक्रम 1926 साली तिनेच उभा केला. तिच्या वर्गात मानवी सांगाडा असे. ती स्वतः काही करून दाखवत नसे. सांधा कसा बसलेला आहे ते समजावून द्यायची, तो कुठवर फिरतो हे ज्याचं त्याने शोधायचं. गुरूच्या हस्तमुद्रेची हुबेहूब नक्कल करत कथक किंवा भरतनाट्यम शिकलेल्यांना ही रीत उफराटी वाटेल. अ‍ॅनाच्या सगळ्या कामाचा पाया तीच.

नवरा लॉरेन्स हॅलप्रिन पुढे अमेरिकेतला नामवंत भूदृश्य-रचनाकार झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, माउंट तमाल्पाइस या डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं घर होतं. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने घराखालच्या उतारावर, रेडवुडच्या झाडांमध्ये अ‍ॅनासाठी एक लाकडी मंच बांधला. झाडं न तोडता मंचालाच वळसे दिले. भिंती नाहीत, छप्पर नाही, आरसे तर नाहीतच. 1955 साली ती न्यूयॉर्कच्या एका मोठ्या महोत्सवात नाचून आली आणि खट्टू झाली. तिथे जो तो आपापल्या गुरूची प्रतिकृती होऊन नाचत होता. मग तिने त्या शैलीशी संबंधच तोडला. झाडणं, ओझं वाहून नेणं, कपडे घालणं आणि काढणं अशी साधी कामं हेच तिच्या नृत्याचं साहित्य झालं. 1960च्या उन्हाळी शिबिरात त्या मंचावर सिमोन फोर्टी, इव्होन रेनर आणि ट्रिशा ब्राउन होत्या, आणि पुढच्या काही वर्षांत याच तिघींनी न्यूयॉर्कच्या नृत्याचा चेहरा बदलून टाकला. 1967 साली न्यूयॉर्कमध्ये ‘परेड्स अँड चेंजेस’ या प्रयोगात नर्तकांनी रंगमंचावर सावकाश कपडे उतरवले, तेव्हा अश्लीलतेवरून पोलिसी कारवाईपर्यंत मजल गेली. त्या प्रकरणाचा गवगवा फार झाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यानंतरची दोन वर्षं.

त्यांची पार्श्वभूमी मात्र थोडी आधीची. 1965च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत दंगल पेटली. सहा दिवसांत 34 माणसं गेली. त्या वस्तीत जेम्स वुड्स हा कलाकार ‘स्टुडिओ वॉट्स’ नावाची कलाशाळा चालवत होता. त्याने अ‍ॅनाला प्रयोगासाठी बोलावलं. तयार प्रयोग नेऊन दाखवण्यापेक्षा तिने त्याच्या मुलांबरोबर नवा प्रयोग घडवायचं ठरवलं. वॉट्समध्ये कृष्णवर्णीय तरुणांचा एक गट आणि सॅन फ्रान्सिस्कोत गोऱ्यांचा दुसरा. कित्येक महिने ती दोन्हीकडे ये-जा करत तेच व्यायाम, तेच धडे वेगवेगळे देत राहिली आणि शेवटी दोन्ही गटांना काही दिवस एकत्र आणलं.

एकत्र आल्यावर गळाभेटी झाल्या असतील असं कुणाला वाटेल. झालं ते वेगळंच. पुरुषांची ताकदीची चढाओढ, आकर्षण, मत्सर, एकमेकांबद्दल लहानपणापासून ऐकलेले समज आणि साचलेला राग हे सगळं अंगाअंगातून बाहेर आलं. अ‍ॅनाने त्यातलं काही झाकलं नाही, त्यातूनच प्रयोग बांधला. 1969 साली लॉस एंजेलिसच्या मार्क टेपर फोरममध्ये तो ‘सेरेमनी ऑफ अस’ या नावाने झाला. प्रेक्षकांनाही सोडलं नव्हतं. आत जाताना दोन्ही बाजूंना कलाकारांच्या रांगा होत्या, आणि काळ्यांच्या रांगेतून जायचं की गोऱ्यांच्या, हे दारातच ठरवावं लागे.

या प्रयोगाने काय साधलं? वॉट्समधली बेकारी हटली नाही, पोलिसांचं वागणं सुधारलं नाही. शिवाय सूत्रं एका गोऱ्या शिक्षिकेच्याच हातात होती, आणि हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण तिच्या स्वतःच्या संस्थेत बदल झाला. त्यानंतरची तिची मंडळी वेगवेगळ्या वंशांची होती, आणि पूर्वी तिथे पाऊलही न टाकू शकलेल्या तरुणांना सरकारी कला-निधीच्या मदतीने प्रशिक्षण मिळू लागलं. संस्कृती बदलते असं आपण मोघम म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात बहुधा एवढंच घडतं. कुठल्या तरी दारातून आत कोण जाऊ शकतं, तो नियम बदलतो.

आता पुन्हा आजाराकडे. शस्त्रक्रियेत तिच्या आतड्याचा भाग काढावा लागला, शौचासाठी पोटावर वेगळी वाट करावी लागली. आयुष्यभर शरीरावरच भिस्त ठेवलेल्या बाईला याचा काय धक्का बसला असेल, ते वेगळं सांगायला नको. रंगमंचावरून ती बाजूला झाली. तीन वर्षांनी कर्करोग उलटला. या वेळी तिने ठरवून पुन्हा स्वतःचं चित्र काढलं. निरोगी, तजेलदार, रंगांनी भरलेलं चित्र. ते नाचायला ती उभी राहिली आणि तिला कळलं की यातलं काहीच आपल्या अंगात नाही. ते नाचणं खोटं झालं असतं.

तिने कागद उलटा केला. मागच्या बाजूला जे काढलं ते काळंकुट्ट, रागाने भरलेलं होतं. आधी हे नाचायचं, असं तिने ठरवलं. एकटीने मात्र नाही. नवरा, मुली, सहकारी आणि विद्यार्थी यांना तिने समोर बसवलं आणि त्यांच्यादेखत ती बाजू नाचली. किंचाळली, थरथरली, जमिनीवर कोसळली. सगळं संपल्यावर ती पहिल्या चित्राकडे वळली. श्वास पाण्यासारखा अंगातून वाहतोय अशी कल्पना करत ती हळूहळू हालचाल करू लागली आणि आता ते चित्र तिला नाचता आलं.

त्यानंतर कर्करोग ओसरला, असं ती सांगत असे. पुढे ती 46 वर्षं जगली. 24 मे 2021 रोजी वारली तेव्हा तिला शंभर वर्षं पूर्ण झाली होती.

हे वाचून कुणी केमोथेरपीची तारीख रद्द करू नये. एका माणसाच्या अनुभवावरून उपचार सिद्ध होत नाही, आणि तिची शस्त्रक्रिया झालेली होती हे विसरून चालणार नाही. कर्करोगाच्या रुग्णांना नृत्योपचाराचा किती उपयोग होतो, याचा कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी 2015 साली आढावा घेतला. निकषांत बसणाऱ्या चाचण्या सापडल्या तीन, त्यांतल्या सहभागींची संख्या 207. नैराश्य, ताण, चिंता, थकवा यांवर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. एकेका चाचणीत जीवनमान सुधारल्याचं, हुशारी वाटल्याचं दिसलं. गाठ आटल्याचा दावा कुणीच केलेला नाही. अ‍ॅनाही यात फरक करायची. रोग शरीरातून जाणं ही एक गोष्ट, आणि माणसाने भावनेने, मनाने, आपल्या माणसांसह पुन्हा उभं राहणं ही दुसरी. रोग गेला नाही तरी दुसरी गोष्ट घडू शकते, असं तिचं म्हणणं.

तिने आपल्या अनुभवाची पद्धत बसवली ती अशी. आधी जे सलतं ते ओळखायचं. मग त्याला सामोरं जायचं. मग ते अंगावाटे मोकळं करायचं. त्यानंतर नवं काही दिसतं का ते पाहायचं, आणि शेवटी ते रोजच्या जगण्यात आणायचं. वाचताना हे पाठ्यपुस्तकी वाटतं. खरी गोम क्रमात आहे. आजारी माणसाला आपण सगळ्यात आधी काय सांगतो? ‘पॉझिटिव्ह राहा, चांगला विचार कर.’ म्हणजे पुढच्या बाजूचं रंगीत चित्र आधी नाच. अ‍ॅनाने ते करून पाहिलं होतं आणि तिला ते जमलं नव्हतं. दुसरी गोष्ट समोर बसलेल्या माणसांची. तिच्या पद्धतीत त्यांना प्रेक्षक मानत नाहीत, साक्षीदार मानतात. नाचणाऱ्याचं भलंबुरं ज्यांना लागतं अशी ती माणसं. बंद खोलीत एकटीने किंचाळणं आणि आपल्या माणसांसमोर किंचाळणं यांत केवढा फरक आहे, हे ज्याने घरच्यांपासून दुखणं लपवलंय त्याला विचारावं.

1978 साली अ‍ॅना आणि तिची मुलगी डारिया यांनी तमाल्पा इन्स्टिट्यूट सुरू केली. पुढच्याच वर्षी, ज्याच्या नावावरून संस्थेचं नाव पडलं त्या डोंगरावर खून होऊ लागले. वाटा तुडवायला आलेली माणसं, बहुतेक स्त्रिया, एकामागून एक मारली गेली. तमाल्पाइस उंचीला सुमारे 780 मीटर. आजूबाजूच्या गावांचा तो रोजचा फिरण्याचा डोंगर. तिथल्या वाटा बंद झाल्या, बायका घराबाहेर पडायला धजेनात.

1980-81मध्ये अ‍ॅना आणि लॉरेन्स यांनी गावातल्या लोकांसाठी एक दीर्घ कार्यशाळा घेतली. लोकांनी चित्रं काढली, तर त्यांत डोंगर पुन्हापुन्हा येऊ लागला. विषय शोधायला कुठे जावंच लागलं नाही. 1981च्या एप्रिलमध्ये ‘इन अँड ऑन द माउंटन’ हा प्रयोग झाला. डोंगरावरच्या हत्या आणि लोकांच्या मनातली दहशत त्यात आडपडदा न ठेवता आणली होती. मग लोक एकत्र डोंगरावर गेले आणि त्या बंद वाटांवरून चालले. पुढच्या महिन्यात खुनी पकडला गेला.

नाचल्यामुळे तो पकडला गेला का? नाही. हल्ल्यातून वाचलेल्या एका तरुणाने दिलेलं वर्णन आणि पोलिसांचा चिवट तपास यांमुळे तो सापडला. तरीही सहभागी झालेल्यांपैकी काहींना या दोन घटनांचा संबंध वाटला, आणि ते स्वाभाविकही आहे. मला वाटतं, नाचाने जे केलं ते अटकेने होण्यासारखं नव्हतं. खुनी तुरुंगात गेल्यावरही डोंगराची भीती उरलीच असती. जिथे पाऊल टाकायला माणसं घाबरत होती तिथे ती शंभर शेजाऱ्यांच्या सोबतीने चालून आली, त्यामुळे डोंगर पुन्हा त्यांचा झाला. आधी हत्यांना सामोरं जाणं आणि मग वाटेवर चालणं, हाही क्रम आपल्या ओळखीचा.

नंतर मेक्सिकोतल्या हुइचोल जमातीचे वयोवृद्ध पुजारी डॉन होसे मात्सुवा तिथे आले होते. डोंगर शुद्ध करायचा तर पाच वर्षं नाचावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. अ‍ॅनाने ते मनावर घेतलं. पाच वर्षं झाल्यावरही लोक थांबायला तयार होईनात, आणि त्यातून ‘प्लॅनेटरी डान्स’ जन्माला आला. त्यातला मुख्य भाग म्हणजे वर्तुळांत धावणं. मधोमध ढोलकरी, भोवती एकाबाहेर एक वर्तुळं. ज्याला झेपेल त्याने धावावं, नाहीतर चालावं, थकल्यावर नुसतं उभं राहावं. आत शिरण्याआधी प्रत्येकाने आपण कशासाठी धावतो आहोत ते मोठ्याने सांगायचं. कुणी आजारी बहिणीचं नाव घेतो, कुणी नदीचं. वारीतलं रिंगण पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. तिथे मात्र कशासाठी धावायचं हा प्रश्नच नसतो, आणि इथे त्याचं उत्तर दिल्याशिवाय आत जाता येत नाही. हा नाच आता तीसहून अधिक देशांत होतो. बसवायला नर्तक लागत नाहीत.

1980च्या दशकाच्या उत्तरार्धात सॅन फ्रान्सिस्को एड्सने पोखरून निघालं. परिणामकारक औषधांचं एकत्रित मिश्रण यायला 1996 उजाडायचं होतं, तोवर निदान म्हणजे जवळजवळ मृत्युदंडच. कुटुंबं मुलांना घरात घेत नव्हती, हात मिळवायला लोक कचरत होते. 1989 साली अ‍ॅनाने बाधित आणि निरोगी अशा शंभरावर लोकांना एका प्रयोगात उतरवलं. ‘सर्कल द अर्थ: डान्सिंग विथ लाइफ ऑन द लाइन’ हे त्याचं नाव. ज्यांच्या अंगाला कुणी हात लावत नव्हतं त्यांना इतरांनी धरलं, उचललं, पेललं. बाधितांनी आपला आजार लपवला नाही. त्यांच्यापैकी कितीतरी जण पुढे मरण पावले. प्रयोगाने कुणाचा विषाणू घालवला नाही. पण स्पर्शाने एड्स होतो या खुळ्या भीतीला उत्तर द्यायचं तर पत्रकांपेक्षा हे उत्तर चोख होतं.

नृत्योपचार हा व्यवसाय अ‍ॅनाच्या आधीपासून होता, हेही नोंदवायला हवं. मेरियन चेसने 1942 साली वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात ते काम सुरू केलं. भारतात या कामाचं ठळक नाव म्हणजे सोहिनी चक्रवर्ती. त्यांची ‘कोलकाता संवेद’ ही संस्था 2004 सालची. देहव्यापारासाठी विकल्या गेलेल्या आणि पुढे सुटका झालेल्या मुलींबरोबर ही संस्था काम करते. अ‍ॅनाच्या परंपरेतून ती आलेली नाही, पण पेच तोच. या मुलींचं शरीर इतरांनी वापरलेलं. त्या शरीराची त्यांनाच घृणा किंवा लाज. आणि आपल्याकडे नाचणाऱ्या बाईकडे पाहण्याची नजर कशी असते हे मराठी वाचकाला सांगायला नको. तमाशातल्या कलावंतिणींनी ती नजर पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. अशा मुलींनी नाचातूनच आपलं अंग परत मिळवायचं, आणि पुढे त्यांतल्याच काहींनी प्रशिक्षक होऊन पगारावर इतरांना शिकवायचं, हे दार उघडणंच आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ‘कोलकाता संवेद’च्या सहकार्याने या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही चालवला.

ज्यांच्यावर अत्याचार झाले आहेत, ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे, त्यांनी हे प्रयोग घरच्या घरी करू नयेत. वर आलेलं सावरायला शिकलेलं माणूस जवळ लागतं. बाकीच्यांना मात्र साक्षीदाराची भूमिका विनामूल्य आणि आजच करता येण्याजोगी आहे. तमाल्पाच्या शिकवणीत पाहणाऱ्याने निदान करायचं नसतं, अर्थ लावायचा नसतो. मला काय दिसलं, मला काय वाटलं, माझ्या मनात काय आलं, एवढंच त्याने बोलायचं. आपल्याकडे दुखणेकऱ्याला भेटायला जाणारे फळांच्या पिशवीबरोबर काढ्याची कृती, ओळखीच्या वैद्याचा नंबर आणि शेजारच्या काकूंचा अनुभव घेऊन जातात. पुढच्या वेळी जाल तेव्हा तेवढं घरी ठेवा. तो चिडला तर चिडू द्या, रडला तर उठून जाऊ नका, आणि निघताना त्याच्या पुढच्या तपासणीची तारीख विचारून बरोबर जायची तयारी दाखवा.